बेशुद्धीचा सराव

लविनाला बेशुद्ध करायचं, हे कमिटीच्या सभेत एकमतानं ठरलं. ठरलं तेव्हा लविना सभेत नव्हती, खाली भाजीवाल्याकडे शेवग्याच्या शेंगा निवडत होती. मागच्या गल्लीतल्या इमारतीत मीटरची पेटी जळाली होती आणि तिथली माणसं गच्चीवर अडकून बसली होती. कुणाला काही झालं नाही, पण तेव्हापासून वसई पूर्वेच्या गोखिवऱ्यातल्या यच्चयावत सोसायट्यांना आपणही जळू शकतो असा शोध लागला. साईसुमन हाइट्सचे चेअरमन चंद्रहास पेडणेकर तर रोज सकाळी दूध आणायला जाताना मीटरच्या खोलीत डोकावून हुंगून यायचे. त्यांनीच रविवारी मॉक ड्रिल ठेवलं. आग तिसऱ्या मजल्यावर लावायची ठरली, म्हणजे नुसती लागली असं समजायचं. त्यावर पाचव्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली की सगळ्या सोयी नेहमी तिसऱ्या मजल्यालाच का. हे मिटलं, तर बेशुद्ध कोण पडणार यावर गाडं अडलं. आगीला कुणाची हरकत नव्हती. जिन्यात डोळे मिटून आडवं पडायला मात्र कुणी तयार होईना. "पाडवा तोंडावर आलाय," चेअरमनांच्या मनोरमाबाई म्हणाल्या, "आणि खोटंखोटं का होईना, असं पडायचं म्हणजे बाई नको." मग संध्याकाळी त्याच मनोरमाबाई वाटीभर नारळाच्या वड्या घेऊन लविनाच्या दारात उभ्या राहिल्या. "तुमच्यात असलं काही मानत नाहीत ना गं," त्या म्हणाल्या.

आपल्यात असलं काही मानत नाहीत, हे लविनाला नव्यानंच कळलं. वटारला, म्हणजे माहेरी, तिच्या मम्मीनं एकदा समोरच्या घरातलं कुणी शिंकलं म्हणून दारात आलेली रिक्षा परत पाठवली होती, आणि त्या रिक्षात मम्मीला स्वतःच्याच भावाच्या लग्नाला जायचं होतं. शिवाय आत्ता ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ चालू होता. पण तो सोसायटीच्या कॅलेंडरवर छापलेला नव्हता, त्यामुळे मनोरमाबाईंना त्याची कल्पना असायचं कारण नव्हतं. लविना हो म्हणाली. का म्हणाली, ते तिला वडी खाताना उमगलं. लग्न होऊन या इमारतीत आल्यापासून तिच्यावाचून अडलंय म्हणून कुणी तिच्या दारात आलं, असं हे पहिल्यांदाच होत होतं. संकेतनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, ऐकून मान डोलावली. "तुलाच जमेल. तुला पडल्यापडल्या झोप लागते," असं म्हणून तो शनिवारी रात्रीच ऑफिसच्या कामाला पुण्याला गेला.

तर रविवारी सकाळी लविना तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्यामधल्या वळणावर उताणी पडली होती. गळ्यात पुठ्ठा होता, त्यावर मार्करनं 'बेशुद्ध' लिहिलेलं. लाद्या गार होत्या. ब्लाउजच्या आतून तो गारवा पाठीत शिरला आणि तिला एकदम वाडीतल्या बावखलाच्या काठी पडल्यासारखं वाटलं. बावखल म्हणजे त्यांच्या केळींच्या मधलं तळं. दुपारी डॅडी पाटात पाणी सोडायचे, केळीची पानं फाटक्या पताकांसारखी वर हलत राहायची, आणि ती ओल्या मातीवर पडून पाणी आपल्या कानाशी कधी येतंय ते ऐकत बसायची. एकदा ते ऐकता ऐकता ती सरळ बावखलात पडली. शेजारच्या बाईनं एक हाळी दिली. नुसती हाळी, त्यात नाव नव्हतं की काय झालं तेही नव्हतं. पण अख्खी आळी धावली, आणि धावली ती थेट पाण्यात. इतकी माणसं उडी मारून आली की शेवटी मुलीला बुडण्यापासून नव्हे तर वाचवणाऱ्यांपासून वाचवायची वेळ आली. डॅडींनी तिला केसाला धरून ओढली. त्यांच्या अंगात चर्चला जायची पँट होती, मनगटावर घड्याळ होतं, आणि काठावर आल्यावर त्यांनी तिला आधी एक थोबाडीत मारली, मग छातीशी घट्ट धरली, मग पुन्हा एक मारली. ती थोबाडीत आता गालावर कुठे होती ते शोधायला लविनानं हात उचलला.

"काकी, प्लीज हलू नका ना," वरच्या पायरीवरून क्षितिजा म्हणाली. "तुम्ही बेशुद्ध आहात." क्षितिजा तळमजल्यावरची, कॉलेजातली. तिनं कसलासा चार दिवसांचा आपत्तीचा कोर्स केला होता, म्हणून तिला हिरवं जाकीट मिळालं होतं आणि जखमींचं खातं तिच्याकडे होतं.

खाली सायरन व्हायचा होता. सायरनचा ठराव दोन सभांपूर्वी मंजूर झाला होता, खरेदी मात्र राहून गेली होती. म्हणून पेडणेकरांनी नाक्यावरच्या भंगारवाल्याचा भोंगा तासाभरासाठी मागून आणला. त्यांनी बटण दाबलं आणि इमारतीच्या आवारात एक ओळखीचा आवाज घुमला, "भंगारवालेऽ, पुराना पंखा, पुराना फ्रीज, टूटा-फूटा मिक्सर..." भोंग्यात ते आधीपासूनच भरलेलं होतं आणि बंद कसं करायचं ते फक्त भंगारवाल्याला ठाऊक होतं. त्यानंतर जे झालं ते साईसुमन हाइट्सच्या इतिहासात कधी झालं नव्हतं. दारं उघडली. सात मजल्यांवरून माणसं भराभर खाली उतरू लागली. कुणाच्या हातात रद्दी, कुणाच्या कडेवर कूलर, एकानं तर धुण्याच्या मशीनचा ड्रम पायऱ्या पायऱ्यांनी वाजवत आणला. सगळे लविनाला ओलांडून गेले. "सांभाळून हं, बेशुद्ध आहे," एकजण दुसऱ्याला म्हणाला, आणि कूलर अलगद तिच्यावरून गेला. वरच्या मजल्यावरच्या कुठल्याशा बाईनं तर पुठ्ठ्याकडे पाहून "हा विकायचाय का?" असंही विचारलं. बेशुद्ध माणसानं यावर काय बोलावं?

पावलं थांबली. जिना रिकामा झाला. आणि लविनाच्या लक्षात आलं की आपण हे सगळं घरी सांगायचं म्हणून जपून ठेवतोय. घरी म्हणजे वटारला. कूलर कसा गेला, पुठ्ठा कसा विकायला मागितला. डॅडी पोट धरून हसले असते, पूर्वी. आता ती नाताळला जाते, सणाला जाते, तर मम्मी तिच्यासाठी कपाटातले सोनेरी कडेचे कप काढते आणि डॅडी खांद्यावरच्या पंच्यानं खुर्ची झटकतात. भांडण असं कधी झालंच नाही. तिनं संकेतशी कोर्टात लग्न केलं तेव्हाही डॅडी फक्त "सुखी राहा" म्हणाले आणि वाडीत पाणी सोडायला गेले. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. न झालेलं भांडण कुठून मिटवायचं? तिनं किती वेळा बोलावलं त्यांना. एकदा केळीचे घड उतरवायचे होते, एकदा सणाची मिटिंग होती, एकदा नुसतंच "पूर्वेला आपलं काय काम?" असं म्हणाले. रेल्वेच्या पुलापलीकडे त्यांनी पाय टाकला नाही. पूल तसा पाच मिनिटांचा. तिच्या घरात त्यांनी पाण्याचा घोट घेतला नव्हता. आणि खुर्ची झटकणं तिला मारापेक्षा जास्त लागायचं, कारण त्यात राग नव्हता. आदर होता. पाहुणीला देतात तो.

"काकी," क्षितिजा तिच्याशेजारी उकिडवी बसली, "एक राहिलं. इमर्जन्सी कॉन्टॅक्ट. तुम्ही बेशुद्धच राहा, फक्त नंबर सांगा."

लविनानं डोळे न उघडता नंबर सांगितला. सांगितल्यावर तिला कळलं की तो संकेतचा नव्हता. निर्मळच्या जत्रेला जाताना डॅडी तिला हाताला धरून तो म्हणवून घ्यायचे, पाढ्यासारखा, चालीवर. हरवलीस तर कुणालाही हा सांग, आम्ही येऊ. ती जत्रेत कधी हरवली नाही. नंबर तेवढा राहिला, चालीसकट.

"हा तर लँडलाइन दिसतोय," क्षितिजा म्हणाली आणि कोर्समध्ये शिकवल्याप्रमाणे स्पीकर लावून फिरवला. लविना उठून बसायला हवी होती. वाडीत मोबाइलची रेंज नसायची, म्हणून तो काळा फोन अजून खिडकीपाशी होता, आणि तो वाजला की मम्मी पदराला हात पुसत येणार, हे सगळं तिला दिसलं. आणि मम्मीचा "हॅलो" आला तरी ती पुठ्ठ्याखाली आडवीच राहिली.

"लविनाताईंच्या घरून बोलताय का? त्या बेशुद्ध पडल्यात. गोखिवरे, साईसुमन हाइट्स, तिसऱ्या मजल्याला आग..." क्षितिजानं इथवर एका दमात सांगितलं. पुढचं वाक्य, सगळ्यांत महत्त्वाचं, हा सराव आहे घाबरू नका, हे ती श्वास घेऊन म्हणणार होती. पण तेवढ्यात टेबलावर काहीतरी आपटलं. मग कोंबड्यांचा आवाज. मग मागच्या दारातून लांब जात असलेली मम्मीची हाळी. वटारला वाईट बातमी पूर्ण ऐकत नाहीत. अर्धी ऐकतात आणि शेजाऱ्याला ओरडून सांगतात; उरलेली अर्धी तिथे जाऊनच कळते. "हॅलो, हे मॉक ड्रिल आहे," क्षितिजानं कोंबड्यांना सांगितलं. मग पुन्हा एकदा, जरा समजावून. मग तिनं फोन ठेवून परत लावला तर तो एंगेज. रिसीव्हर टेबलावर पडून राहिला होता.

"काकी, दुसरा नंबर आहे का कुणाचा? पटकन सांगा ना, ते घाबरतील."

ॲल्रॉयचा होता. भावाचा नंबर लविनाला पाठ होता, आणि रविवारी या वेळी तो चर्चच्या आवारात फोन हातात धरूनच उभा असतो हेही. एवढे आकडे बोलायचे की सगळं जागच्या जागी थांबलं असतं. तिनं ओठ ओले केले. डॅडींना रोज सकाळी गोळी असते, छातीची. पायाला सूज असते. घाबरत धावत पायरीवरून उतरतील. बोल, तिनं स्वतःला सांगितलं, आता बोल. पण तिच्या आत दुसरं कुणीतरी पडून होतं, ओल्या मातीवर, कान लावून, आणि ते म्हणत होतं, जरा थांब. हाळी गेलीय. बघू कोण येतं. इतकी वर्षं सोनेरी कडेच्या कपातला चहा प्यायल्यावर माणसाला एवढं बघायचा हक्क नाही का? नाही, हेही तिला माहीत होतं. तिला आपली किळस आली आणि त्याच वेळी छातीत असा आनंद भरला, की तो ओरडू नये म्हणून तिनं दात आवळले. मग बेशुद्ध माणसानं जे करायचं असतं ते तिनं केलं. गप्प राहिली.

स्ट्रेचर यायला हवं होतं, ते आलंच नाही. दोन बांबू आणि मनोरमाबाईंची जाड चादर असं स्ट्रेचर खाली तयार होतं. उचलणारे मात्र भंगारवाला वजनात मारतोय का ते बघत उभे होते. क्षितिजा पुन:पुन्हा एंगेज फोन लावत राहिली. लविना जिन्याच्या छतावरची पोपडे आलेली जागा बघत होती. ती जागा आधी घोड्यासारखी दिसली, मग नकाशासारखी, मग ओळखीच्या कुठल्याच गोष्टीसारखी दिसेनाशी झाली. पुलावर गर्दी असेल, तिला वाटलं. ते पुलापर्यंत येतील आणि परत फिरतील. ॲल्रॉयला पाठवतील. नाहीतर येतील आणि वाटेत काही होईल, आणि मग ती आयुष्यभर या लादीवरच पडून राहील. आता मात्र ती उठली. "नंबर घे," ती क्षितिजाला म्हणाली, "माझ्या भावाचा." आणि पहिला आकडा तोंडातून निघतोय तोवर खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. लग्नाच्या वरातीत वाजवतात तसा, थांबतच नव्हता.

ती गळ्यातल्या पुठ्ठ्यासकट जिना उतरली. फाटकात गॉडफ्रेचा टेम्पो अर्धा आत अर्धा बाहेर उभा होता. गॉडफ्रे तिचा चुलतभाऊ, तो वसईच्या बाजाराला केळी न्यायचा, आणि आजही अर्धा टेम्पो केळीच होती. उरलेल्या अर्ध्यात वटार होतं. शिडी, नारळाचे दोर, भिजवलेली गोणपाटं, पाण्याचे दोन पिंप, आणि पिंपांना टेकून दहा-बारा माणसं. एमिली आंटी पवित्र पाण्याची बाटली उरी धरून उतरली. "आग कुठे हाय?" गॉडफ्रेनं पहिल्या भेटलेल्या माणसाला विचारलं. "पानी आनलंय."

पहिला भेटलेला माणूस पेडणेकर होते. त्यांनी शिडीकडे पाहिलं, गोणपाटांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. "आपण कोणत्या अग्निशमन केंद्राकडून?" त्यांनी विचारलं.

"वटार," गॉडफ्रे म्हणाला.

"वा. वटारला केंद्र झालं हे आम्हाला माहीतच नव्हतं," पेडणेकर म्हणाले. "आग विझली, म्हणजे लागलीच नव्हती. पण तुमचा वेळ उत्तम आहे."

डॅडी सगळ्यांत शेवटी उतरले. वर चर्चचा पांढरा शर्ट, खाली घरातली चट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी; चर्चमधल्या मिसाहून येऊन कपडे बदलत असतानाच हाळी आली असणार. त्यांनी लविनाला पाहिलं. ती उभी होती, भाजलेली नव्हती, शुद्धीवर होती. त्यांची नजर पुठ्ठ्यावर गेली आणि त्यांनी तो शब्द पहिलीतल्या मुलासारखा अक्षर लावून वाचला. मग जे सुरू झालं ते घरच्या बोलीत होतं. साईसुमन हाइट्समध्ये ती बोली कधी कुणी ऐकली नव्हती. चिपळूणचे, कराडचे, लालबागचे सगळे कूलर खाली ठेवून ऐकत राहिले. डॅडींनी तिचं डोकं काढलं, तिच्या इमारतीचं काढलं, पुलाच्या पूर्वेला राहणाऱ्या समस्त मनुष्यजातीचं काढलं. तिला गाढवीण म्हणाले. लहानपणी ती पाळण्यातून पडली होती तेव्हाच डॉक्टरला दाखवायला हवं होतं असं म्हणाले. इतका मोठा आवाज तिनं त्यांच्या तोंडून कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. लविना खाली मान घालून उभी होती आणि एकेक शब्द अंगावर घेत होती, उन्हातून आलेल्या माणसानं पाणी घ्यावं तसा. मनोरमाबाई तिच्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "फार चिडलेत गं. कोण हे?"

"माझे वडील," लविना म्हणाली. हे दोन शब्द या आवारात तिनं पहिल्यांदाच उच्चारले.

आणि डॅडी मध्येच थांबले. शिवी अर्धवट राहिली. टेम्पोच्या कडेला धरून ते खाली बसले, ओठ पांढरे. सगळा घाबरेपणा पुलावरून येताना राखून ठेवला होता, तो आत्ता उतरला. लविना त्यांच्यापाशी पोचायच्या आत एमिली आंटीनं अर्धी बाटली त्यांच्या डोक्यावर शिंपडली होती. क्षितिजानं नाडी पाहिली आणि कुणालाही न विचारता त्यांच्या शर्टाच्या खिशातली छातीची गोळी शोधून जिभेखाली ठेवली. कोर्समधला तेवढा एक धडा खरा निघाला. "डॉक्टरला फोन केलाय, येतायत," ती म्हणाली, "यांना सावलीत आडवं करा." सावली लविनाच्या घरात होती. लिफ्ट मात्र बंद होती. आगीत लिफ्ट वापरायची नसते, आणि पेडणेकरांच्या कागदावर आग अजून चालू होती. मग बांबूचं स्ट्रेचर पुढे आलं. इमारत रिकामी करायला बनवलेलं ते स्ट्रेचर, वापरलं गेलं ते उलट्या दिशेनं, खालून वर, गॉडफ्रे आणि कराडचे जाधव आणि चेअरमन स्वतः असे उचलून. "डोकं पुढे ठेवा रे," एमिली आंटी मागून ओरडत होती, "पाय पुढे करून कुणाला नेतात ते मला सांगायला लावू नका." डॅडी चादरीच्या दोन्ही कडा घट्ट धरून झोपले होते आणि प्रत्येक वळणावर बारीक आवाजात शिव्या देत होते. अशा रीतीनं ते आपल्या मुलीच्या घरात शिरले.

डॉक्टर येऊन गेले. काही नाही, दमले, घाबरले, पडून राहू दे, असं म्हणाले. माणसं पांगली. आंटीनं ॲल्रॉयला मोबाइलवर गाठून मम्मीपर्यंत निरोप पोचवला होता आणि आता ती खाली मनोरमाबाईंकडे चहाला गेली होती. खोलीत पंखा फिरत होता. डॅडी सोफ्यावर उशीला टेकून बसले होते. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, शोकेसमधले संकेतचे कॅरमचे कप पाहिले, त्यांच्याशेजारी ठेवलेली मरियेची लहान मूर्ती जरा जास्त वेळ पाहिली. लविना पाणी घेऊन आली. त्यांनी पेला हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"ॲल्रॉयचा नंबर नव्हता तुझ्याकडे?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. घाबरले होते सगळे, सुचलं नाही, असं काहीही चाललं असतं.

"होता," लविना म्हणाली.

"मग?"

 बोटानं ती सोफ्याच्या कडेची शिवण उसवत राहिली. डॅडींनी तिच्या बोटाकडे पाहिलं.  रागावतील असं तिला वाटलं. तिनं ते मान्यही करून टाकलं होतं. पण ते पेल्यात बघत होते, पाण्यात काही पडलंय का ते बघावं तसे. "पुलावर गॉडफ्रे सिग्नलला थांबला," ते म्हणाले, "तर मी त्याला मारलं." मग त्यांनी पाणी प्यायलं. पेला रिकामा करून प्यायलं.

खालून हॉर्न वाजला. गॉडफ्रेची हाक आली, "अंकल, येताय ना? केळी उन्हात हायेत." लविना खिडकीकडे गेली नाही. डॅडी उठले, भिंतीला धरत धरत खिडकीपर्यंत गेले आणि गजांतून खाली वाकून म्हणाले, "तू हो पुढे. मी जेवून येतो."

लविना स्वयंपाकघरात गेली. कणीक होती, शेवग्याच्या शेंगा होत्या, फ्रीजमध्ये कालची आमटी होती. तिनं बर्नर फिरवला, तो नुसता सुसू करून गप्प झाला. ड्रिलसाठी पाइपचा गॅस खालून बंद केला होता, व्हॉल्व्हची चावी पेडणेकरांच्या खिशात होती, आणि पेडणेकर खाली भंगारवाल्याला त्याच्या भोंग्याबद्दल जाब विचारत होते. ती दारात येऊन उभी राहिली.

"गॅस बंद आहे, डॅडी. चेअरमनना सांगून येते, वेळ लागेल थोडा."

डॅडींनी शर्टाची वरची बटणं सोडली आणि पाय वर घेऊन सोफ्यावर नीट मांडी घातली.

"कशाला त्याची घाई करतेस," ते म्हणाले.